चित्रांचे कोठार

दूरचित्रवाणीवरील मालिका पाहताना आपण कथेचा, अभिनयाचा आणि फार तर शीर्षकगीताचा विचार करतो. ती मालिका रात्री झोपते कोठे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मला तो पडला, याचे कारण गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर मी तिच्या झोपण्याच्या जागेची राखण करतो.

आरे कॉलनीला लागून, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राज्य शासनाने १९७७ साली चित्रनगरी उभारली. पुढे तिला दादासाहेब फाळक्यांचे नाव मिळाले. तेथील चित्रीकरणावर जगणारी अनेक लहान संकलनगृहे गोरेगाव पूर्वेला आहेत. त्यांतल्याच एका चार खोल्यांच्या संकलनगृहात मी संध्याकाळी सहा ते अकरा काम करतो. चित्रीकरणाहून आलेली कॅमेऱ्याची कार्डे संगणकात उतरवून घेणे, त्यांची नोंद ठेवणे आणि संकलकांना हवे ते दृश्य काढून देणे, एवढेच माझे काम. मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. करणाऱ्याचा या विषयाशी काय संबंध, असे आमच्या एका सरांनी विचारले होते. हा लेख म्हणजे त्यांना दिलेले थोडे लांबलेले उत्तर समजावे.

मी कामाला लागलो तेव्हा तेथे एक लोखंडी कपाट होते. त्यात साठ-सत्तर सुट्या हार्ड डिस्क रचलेल्या. प्रत्येकीवर चिकटवलेल्या कागदावर 'फायनल', 'नवीन फायनल', 'फायनल २' आणि एकीवर तर नुसतेच 'हे पुसू नये'. काय पुसू नये, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नव्हते. एका संकलकाला दुसऱ्याकडचे दृश्य हवे असले की डिस्क काढायची, खोलीत नेऊन जोडायची, तासभर नक्कल करायची. मग दोन ठिकाणी दोन नकला होत आणि दोघांनी त्यांत वेगवेगळे फेरफार केले की खरी कोणती, यावर वाद होई.

या पद्धतीचे खरे मोल एका नोव्हेंबरात कळले. एका मालिकेसाठी आरेतील एका पाड्यावर भाताच्या झोडणीचे दृश्य घेतले होते. पाड्यावरच्या एका वारली आजींना त्यात तीन वाक्ये होती, आणि ती त्यांनी लेखकाची न म्हणता स्वतःच्या बोलीत म्हटली होती. दिग्दर्शक खूश होते. रात्री दुसऱ्या कॅमेऱ्याचे कार्ड मी डिस्कवर उतरवायला लावले. डिस्क मध्येच भरली, नक्कल अर्ध्यावर थांबली आणि पडद्यावरची सूचना घाईत मी न वाचताच बंद केली. सकाळी युनिटला रिकामी कार्डे हवी होती. मी 'झाले' म्हटले आणि कार्ड पुसले गेले. चूक लक्षात आली तोवर त्याच कार्डावर नवे चित्रीकरण झाले होते. पुन्हा दृश्य घ्यावे, तर शेतातले भात घरात गेले होते. शेवटी तो प्रसंग दिवाणखान्यात नेऊन बसवला. आपण टी.व्ही.वर कधी दिसणार, असा निरोप आजींकडून पुढे महिनाभर येत होता. त्याचे उत्तर द्यायला मी एकदाही गेलो नाही.

त्यानंतर मालकांनी कपाट काढून सामायिक साठवणीची व्यवस्था करायचे ठरवले, आणि प्रायश्चित्त म्हणून की काय, तिच्या उभारणीत हरकाम्या म्हणून मला घेतले.

आरेत वाढलेल्या मुलाला ही व्यवस्था समजावून घ्यायला दूर जावे लागत नाही. पूर्वी मुंबईत दाट वस्तीमध्येच म्हशींचे गोठे असत. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली येथे दुग्धवसाहत स्थापन झाली आणि शहरातल्या म्हशी इकडे आल्या. गोठे अनेक युनिटांत विखुरलेले, पण त्यांचे दूध मध्यवर्ती डेअरीत जमा व्हायचे. तेथे ते तपासून, तापवून, थंड करून बाटल्यांतून शहरभर वाटले जाई. आमच्या संकलनगृहात याच्या उलट स्थिती होती. प्रत्येक संकलकाने आपल्या खोलीत आपली म्हैस बांधली होती! सामायिक साठवण म्हणजे सगळे दूध एका डेअरीत आणणे. एक मोठी पेटी, तिच्यात अनेक डिस्क, आणि प्रत्येक खोलीतून तिच्यापर्यंत तारेने रस्ता. संकलक आपल्या संगणकावर फाईल उघडतो तेव्हा ती त्याच्याच यंत्रात असल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती पेटीतून क्षणोक्षणी वाहत येत असते.

कल्पना नवी नाही. संगणकांना एकाच तारेवर जोडणारी 'इथरनेट' पद्धत अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात १९७३ साली आकाराला आली. दूरच्या यंत्रातील फाईल जवळची असल्यासारखी वापरण्याची सोय सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली आणली. पत्रे आणि हिशेब यांना ती तेव्हाच पुरली. चित्रांना मात्र पुरली नाही, कारण चित्रांची भूक निराळी आहे.

ती किती निराळी, हे पाहण्यासाठी थोडा गुणाकार करावा लागेल. आमच्याकडे दोन मालिका येतात. एकीचे चित्र सेकंदाला ५० मेगाबिट या वेगाने नोंदले जाते. आठ बिटांचा एक बाईट होतो, म्हणजे सेकंदाला सव्वासहा मेगाबाईट आणि तासाला साडेबावीस गिगाबाईट. दोन कॅमेरे रोज तीन-तीन तास चालले तर दिवसाला १३५ गिगाबाईट. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेतीन टेराबाईट. दुसऱ्या मालिकेचे निर्माते चित्राच्या दर्जाबाबत अधिक चोखंदळ. त्यांचे चित्र सेकंदाला १२२ मेगाबिटचे, म्हणजे तासाला सुमारे ५५ गिगाबाईट आणि महिन्याला साडेआठ टेराबाईट. दोन्ही मिळून महिन्याला बारा! आणि यातून दिसते काय, तर रोज प्रत्येकी बावीस-तेवीस मिनिटे. बाकी सारे पडद्यामागे राहते.

आकारमानाइतकाच वेगाचा प्रश्न असतो. संकलक दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळी शेजारी-शेजारी चालवून पाहतो. दुसऱ्या मालिकेसाठी त्याला सेकंदाला साधारण तीस मेगाबाईट लागतात. नेहमीच्या एक गिगाबिटच्या तारेतून प्रत्यक्षात शंभर-एकशे दहा मेगाबाईट जातात. म्हणजे एका संकलकाला ती तार भरपूर झाली, तिघे बसले की काठोकाठ, आणि त्यात मी कार्ड उतरवायला लावले की चित्र अडखळू लागते. पहिल्या आठवड्यात नेमके हेच झाले आणि सर्वांनी पेटी विकणाऱ्याला दोष दिला. दोष पेटीत नव्हता. चाळीच्या गच्चीवर टाकी कितीही मोठी बसवली, तरी तिच्यातून उतरणारा नळ बारीक असेल तर सकाळी सातला खालच्या मजल्यावर भांडण ठरलेलेच. आम्ही पेटीपासून वाटणीच्या स्विचपर्यंतची एकच तार दहा गिगाबिटची केली आणि खोल्यांकडे जाणाऱ्या तारा होत्या तशा ठेवल्या. खर्च थोडका झाला, भांडण मिटले. मोठ्या वाहिन्यांकडे याहून निराळी, डिस्कचे कप्पेच थेट संगणकांत वाटून देणारी महागडी योजना असते. चार खोल्यांच्या संसाराला ती परवडत नाही, आणि तिची गरजही नाही.

आता पेटीच्या आतले. या भागात मी सर्वांत अधिक रमलो. हार्ड डिस्क मरते. केव्हा, ते सांगता येत नाही, पण मरते. मग शेकडो तासांचे चित्रीकरण तिच्यावर ठेवायचे कसे? बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात याचे उत्तर मांडले. मोठ्या, महाग डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा ताफा वापरायचा, आणि थोडी जागा अशा हिशेबासाठी राखायची की एखादी गेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर पुन्हा काढता यावा. त्याला 'रेड' म्हणतात.

ऐकताना हा चमत्कार वाटतो, पण तो तिसरीच्या गणिताएवढाच आहे. तीन डिस्कांवर ४, ७ आणि २ हे आकडे लिहिले आणि चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज १३ लिहिली, असे समजा. दुसरी डिस्क मेली. तेरातून चार आणि दोन वजा केले की सात परत मिळाले. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांची सम-विषम नोंद असते, आणि ती एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर पसरलेली असते; तत्त्व मात्र हेच. एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तर एक बेरीज पुरत नाही, म्हणून दोन वेगळ्या रीतींनी दोन हिशेब ठेवतात. आम्ही हीच दुसरी रीत घेतली. आठ-आठ टेराबाईटच्या आठ डिस्क आणल्या, त्यांतल्या दोघींएवढी जागा हिशेबाला गेली, उरले ४८ टेराबाईट. संगणकाने दाखवले त्रेचाळीस आणि काही. मालकांना वाटले, दुकानदाराने फसवले. वास्तविक दुकानदार हजाराने मोजतो आणि आमचा संगणक एक हजार चोवीसने, त्यामुळे चार पायऱ्या चढेपर्यंत एवढी तफावत पडते. शिवाय पेटी काठोकाठ भरली की मंदावते, म्हणून एक पंचमांश रिकामी ठेवावी लागते. हाती आले पस्तीस. महिन्याला बारा या हिशेबाने ते जेमतेम तीन महिने पुरतात. या तुटीकडे पुढे यावयाचे आहे.

दोन हिशेब ठेवण्याचा हट्ट का, तेही सांगितले पाहिजे. गेल्या जुलैत एक डिस्क खरोखरच मेली. तिच्या जागी नवी बसवली की पेटी उरलेल्या सातींवरून तिचा मजकूर पुन्हा लिहू लागते. सेकंदाला शंभर मेगाबाईट वेग धरला तरी आठ टेराबाईट लिहायला बावीस तासांहून अधिक लागतात. त्या काळात बाकीच्या सातींना विसावा नसतो, आणि त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या, म्हणजे एकाच वयाच्या. एक म्हातारी गेली की तिच्या सोबतिणींचा भरवसा काय? ते बावीस तास मी पेटीसमोरच्या हिरव्या दिव्यांकडे पाहत काढले. संकलकांचे काम मात्र त्याही वेळी चालूच होते, आणि यातच या युक्तीची थोरवी आहे.

येथे पुष्कळांची एक समजूत होते. डिस्क मेली तरी मजकूर राहतो, म्हणजे आपण सुरक्षित झालो! तसे नाही. 'रेड' यंत्राच्या मरणापासून वाचवते, माणसाच्या हातापासून नाही. कोणी चुकून फाईल पुसली तर आठही डिस्कांवरून ती इमानेइतबारे पुसली जाते. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत असेच झाले. 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना कोणीतरी पुसण्याची आज्ञा दिली आणि पडद्यावरून पात्रे नाहीशी होऊ लागली. राखीव नक्कल होती, पण ती नीट घेतली जात नव्हती आणि तसे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेने चित्रपटाची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती, ती कामी आली. मी कार्ड पुसले त्या रात्री माझ्या घरी अशी कोणतीच प्रत नव्हती.

म्हणून आमच्याकडे आता तीन बंधने आहेत. मूळ चित्रीकरणाच्या फोल्डरात संकलकांना वाचता येते, लिहिता किंवा पुसता येत नाही. पेटी दर तासाला आपल्या स्थितीची खूण ठेवते, तिच्यावरून कालची स्थिती परत आणता येते. आणि पडताळा मिळाल्याशिवाय कोणतेही कार्ड पुसले जात नाही.

हा पडताळा म्हणजे काय, ते वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा लवकर कळेल. पोथी हाताने उतरवून घेण्याच्या काळात लेखनिकांची मोठी चिंता हीच होती की काही गळले तर नाही? म्हणून अनेक पोथ्यांच्या शेवटी श्लोकसंख्या किंवा ग्रंथसंख्या नोंदवलेली असते. बत्तीस अक्षरांचा एक 'ग्रंथ' धरून मजकूर मोजत. संख्या जुळली तर गळती नाही. पण संख्या जुळूनही अक्षर बदललेले असू शकते, आणि असे बदल नकलेतून नकलेत साचत जातात. ज्ञानेश्वरीचे पाठ असेच बिघडले होते, म्हणूनच एकनाथांना शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली.

संगणकाचा पडताळा याच्या एक पाऊल पुढे जातो. तो फाईलमधला प्रत्येक बिट एका ठरलेल्या गणितातून फिरवतो आणि शेवटी एक लहानशी खूण काढतो. त्याला चेकसम म्हणतात. आम्ही वापरतो त्या पद्धतीत ही खूण बत्तीस अक्षरांची असते. जुन्या 'ग्रंथा'शी हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. वीस गिगाबाईटच्या फाईलमध्ये एक बिट जरी बदलला तरी सबंध खूण पालटते. कार्डावरच्या फाईलची खूण एकदा काढायची, पेटीत उतरल्यावर नकलेची काढायची, आणि दोन्ही अक्षरशः जुळल्या तरच कार्ड युनिटला परत द्यायचे. याला वेळ लागतो. निर्मितीतली माणसे खोलीच्या दारात उभी राहून घड्याळ दाखवतात. मी त्यांना चहा सांगतो.

वीज आणि पावसाळा यांचे थोडक्यात सांगतो. आरेच्या बाजूला पावसात झाड पडून वीज जाणे अपूर्वाईचे नाही. लिहिता लिहिता पेटी बंद पडली तर हिशेब अर्धवट राहतो, म्हणून बॅटरीचा आधार लागतोच. आणि बॅटरी संपत आली की पेटीने आपणहून शहाण्यासारखे मिटून घ्यावे, अशी तारही जोडावी लागते. दमटपणासाठी खोली थंड ठेवायची. आमच्या इमारतीत थंड यंत्राचे पाणी पेटीच्या डोक्यावरच गळत होते, ते वेळीच दिसले हे नशीब.

यापुढचा प्रश्न नकलेचा. एकाच खोलीत कितीही प्रती ठेवल्या तरी आग एकच पुरते. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठडीला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील जुन्या नायट्रेट फिल्मचे मोठे भांडार जळाले. म्हणून एक प्रत दुसऱ्या जागी हवी. तीही डिस्कवर ठेवावी का? आम्ही टेप निवडली. हे ऐकून पुष्कळांना हसू येते, कारण टेप इतिहासजमा झाली असे सर्वांना वाटते. एका अर्थाने झालीही. मार्च २०११ मध्ये जपानच्या भूकंपात व त्सुनामीत सोनीच्या सेंदाईजवळच्या कारखान्याचे काम थांबले, व्यावसायिक चित्रफितींचा जगभर तुटवडा पडला आणि फितीकडून फाईलकडे जाणाऱ्या वाहिन्यांनी पावले झपाझप उचलली. गंमत अशी की त्याच वर्षी थायलंडात पूर आला, तेथील हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि डिस्कचे भाव चढले. एकाच वस्तूवर विसंबून राहू नये, हे त्या वर्षी दोन्ही बाजूंनी पटले असेल.

पण संगणकाची टेप ही वेगळी जात आहे. तिच्यावर चित्र नव्हे, फाईलच लिहिली जाते. एल.टी.ओ. नावाची ही टेप २००० साली आली तेव्हा तिच्यात १०० गिगाबाईट मावत. २०२१ साली निघालेल्या नवव्या पिढीत १८ टेराबाईट मावतात. आमची आठव्या पिढीची, १२ टेराबाईटची. तळहातावर मावणाऱ्या एका डबीत दोन्ही मालिकांचा जवळजवळ एक महिना बसतो. फळीवर ठेवली की तिला वीज लागत नाही, आणि फळीवरच्या टेपवरून चुकून काही पुसताही येत नाही. तोटा एवढाच की यंत्र महाग असते आणि प्रत्येक यंत्र फार मागच्या पिढीची टेप वाचत नाही, त्यामुळे काही वर्षांनी सगळे नव्या टेपवर उतरवावे लागते. म्हणजे लेखनिकाचे काम सुटले नाहीच.

आता त्या तुटीकडे वळतो. पेटी तीन महिन्यांत भरते. मग दर महिन्याला काही टेपवर जाते आणि काही कायमचे पुसले जाते. टेपलाही पैसे पडतात, म्हणून सगळे ठेवता येत नाही. काय जाणार हे कोण ठरवतो? बहुतेक ठिकाणी ते ठरवले जातच नाही; ज्याला त्या दिवशी जागा हवी असते त्याच्या हातून ते होऊन जाते. बी.बी.सी.ने १९६० आणि १९७०च्या दशकांत महागड्या फिती पुन्हा वापरण्यासाठी जुने कार्यक्रम पुसले, आणि 'डॉक्टर हू' या मालिकेचे सुरुवातीचे कितीतरी भाग त्यात गेले. पुसणारे अरसिक नव्हते, त्यांना फळीवर जागा हवी होती. आणि ज्यांच्या नावाने आमच्या शेजारची नगरी आहे, त्या फाळक्यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'चे तरी काय उरले? चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे. मधली गोष्ट आपण मनाने भरून घ्यायची.

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्यापर्यंत आला. जुन्या कपाटातल्या डिस्कांवरचा माल पेटीत आणताना 'पावसाळा' नावाचे एक फोल्डर सापडले होते. कोणत्याही मालिकेचे नाही. २०१९च्या आधी कोणीतरी आरेत फिरून घेतलेली जोडदृश्ये. नायिका गाडीतून जाते तेव्हा मध्ये घालायला रस्ता, झाडे, पाऊस, म्हशींची रांग. सुमारे १८० गिगाबाईट. आता या जातीचे चित्र जुनाट दिसते म्हणून ते कोणी वापरत नव्हते, आणि जागा तर हवीच होती. यादीत त्याच्यापुढे 'पुसावे' असे लिहून आले.

मी ते उघडून पाहिले. त्यातल्या दोन-तीन दृश्यांत मेट्रोच्या कारशेडची जागा आहे, ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली जाण्यापूर्वीची. मेट्रो हवी होती की नको, हा वाद येथे काढत नाही. आमच्या घरातच त्यावर दोन पक्ष आहेत आणि दोघेही आता त्या गाडीने जातात. पण ती जागा पूर्वी कशी दिसत होती, हे त्या दृश्यांत मिनिटामिनिटाला दिसते, तेही कोणाचा काही सिद्ध करण्याचा हेतू नसताना. इतिहासाच्या आमच्या बाईंना विचारले तर त्या यालाच चांगला पुरावा म्हणतील. मी मालकांना म्हटले, या महिन्याच्या टेपवर एवढी जागा उरते आहे. त्यांनी क्षणभर पाहिले आणि 'घाल' म्हणून फोन उचलला.

टेपवर घातले म्हणजे झाले असेही नाही, ती वाचली जाते की नाही ते पाहावे लागते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी एखादी टेप काढून तिच्यावरचे काही पेटीत परत उतरवतो आणि खुणा ताडून पाहतो. परवा 'पावसाळा'ची पाळी होती. सगळ्या खुणा जुळल्या. एका दृश्यात पावसाची धार चालू आहे, मागे मोर ओरडतो, आणि आवाज घेणारा माणूस त्याला अस्सल मराठीत शिव्या घालतो. तेही जसेच्या तसे आले आहे.